घसारा न लागणारी मालमत्ता
(हेन्री कझिन्स यांच्या कार्याचा परिचय)

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेबशास्त्रात 'घसारा' हे प्रकरण असते. यंत्र, फर्निचर, मोटार यांची किंमत दरवर्षी कमी होत जाते व शेवटी भंगारापुरती उरते. इमारतीलाही घसारा लागतोच. मग आठशे वर्षांच्या इमारतीची पुस्तकी किंमत किती? शून्य! परंतु बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीसमोर उभे राहिले की हे उत्तर पटत नाही. अशा वास्तूंचा निराळा हिशेब ज्यांनी आयुष्यभर मांडला, त्यांपैकी एक म्हणजे हेन्री कझिन्स. त्यांच्या कार्याची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचे प्रमुख जेम्स बर्जेस यांनी १८७४ साली पाहणीचा पहिला हंगाम बेळगाव व कलादगी या जिल्ह्यांतच घालवला. कलादगी म्हणजेच पुढचा विजापूर जिल्हा. याच बर्जेस यांच्या हाताखाली कझिन्स तयार झाले आणि १८९१ ते १९१० या काळात ते पश्चिम विभागाचे अधीक्षक होते. बर्जेस यांनी केलेली मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची यादी कझिन्स यांनी सुधारून १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गावी काय आहे, याची ती नोंद. आमच्या भाषेत सांगायचे तर ते इलाख्याचे डेडस्टॉक रजिस्टर होय! पुढे विजापूरच्या वास्तूंवर १९१६ साली, कन्नड जिल्ह्यांतील चालुक्य वास्तुकलेवर १९२६ साली आणि दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर १९३१ साली त्यांचे ग्रंथ निघाले. मोजमाप घेऊन काढलेले नकाशे व छायाचित्रे हे या ग्रंथांचे खरे धन.

त्या काळी सरकारलाच या वास्तूंची किंमत नव्हती. विजापुरात जुन्या मशिदींचा उपयोग पोस्ट ऑफिस आणि डाकबंगला म्हणून होत असे. लॉर्ड कर्झन यांनी अशा कचेऱ्या हलवण्यास भाग पाडले आणि १९०४ साली प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. परंतु कायद्याने कोणती वास्तू राखायची हे ठरवण्यासाठी आधी यादी हवी. ती कझिन्स यांच्यासारख्यांनी तयार ठेवली होती.

राखायचे म्हणजे नवे करायचे काय? याच सुमारास जर्मनीत हायडेलबर्गचा पडका राजवाडा पूर्ववत बांधावा, अशी टूम निघाली होती. जॉर्ज डेहिओ या कलेतिहासकाराने १९०१ साली तिला कडाडून विरोध केला. जे आहे ते टिकवा, नसलेले कल्पनेने उभारू नका, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे सर जॉन मार्शल यांनी १९२३ च्या संरक्षण नियमपुस्तिकेत हेच तत्त्व सांगितले. आपल्या भागात मात्र जीर्णोद्धार म्हटला की दगडावर ऑइलपेंट, सांध्यांत सिमेंट आणि खाली चकचकीत फरशी! सिमेंट चुन्याहून कठीण. ते ओल बाहेर पडू देत नाही. ओल आणि क्षार दगडात कोंडतात व कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. श्रद्धेने खर्चलेला पैसा अशा रीतीने नावेच्या बाजूला जातो.

कमल बस्तीचेच उदाहरण घ्या. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळी, १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बीचिराज याने ती बांधली. ही माहिती देणारे काळ्या दगडावरील कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगड गेले, परंतु त्यांचा पाठ 'एपिग्राफिया इंडिका'त छापला गेला होता, म्हणून बीचिराजाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. नोंद नसती तर?

कमल बस्ती कायद्याने सुरक्षित आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. पण पिरनवाडीपासून खानापूर, हलशीपर्यंतच्या वाटेवर जे वीरगळ आणि जुने चौथरे कोणत्याच यादीत नसतील, त्यांना कोण वाली?

माझे शिक्षण मराठीत झाले; कन्नड मी शेजाऱ्यांकडून आणि बाजारात शिकलो. हलशीच्या देवळाला मात्र कोणी भाषा विचारत नाही. आपल्या अंकाचे दोन विभाग आहेत, तशा दोन वह्या आपण करू. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस टेप, वही व कॅमेरा घेऊन प्रत्येक गावातील जुन्या दगडांची नोंद घ्यावी. जागा, मोजमाप, छायाचित्र आणि आजची स्थिती एवढेच लिहावे. काही रंगवू नये, काही हलवू नये. कन्नड विभागातील मित्रांनी अक्षरे वाचावीत, आम्ही मोजमापे घेऊ. आमच्या प्राध्यापकांनी शिकवलेच आहे की, ज्या मालमत्तेची नोंद नाही ती ताळेबंदात दिसत नाही. आणि जी दिसत नाही, ती गेली तरी कोणाला कळत नाही.