दोर बांधलेलं हरीण : एक मडकं कसं वाचावं?

साहित्य मंडळाच्या अंकात मडक्यावर लेख कशाला, असं तुमच्यापैकी काहीजण विचारतील. माझं उत्तर साधं आहे. ज्यांना लिपीच नव्हती, त्यांचं वाङ्मय शोधायचं कुठे?

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण इ. स. १०० ते ८०० या काळात मोचे संस्कृती नांदत होती. एका बाजूला अँडीज, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळवंट. डोंगरातून येणाऱ्या नद्यांना पाट काढून या लोकांनी शेती पिकवली. लिहून काही ठेवलं नाही. मातीत मात्र सगळं उतरवलं. लामा, कोल्हा, घुबड, बेडूक, बदक, समुद्रसिंह, जो प्राणी दिसला त्याचं पात्र.

त्यातलं हरणाचं पात्र आपण घेऊ. हरीण माणसासारखं बसलेलं आहे. रंग दोनच, गेरूसारखा तांबडा आणि सायीसारखा पांढरट. अंगातून दोन पोकळ नळ्या कमानीसारख्या निघतात, वर एकत्र येतात आणि त्यांची एक तोटी होते. हा आकार घोड्याच्या रिकिबीसारखा दिसतो, म्हणून अभ्यासक तिला रिकीब-तोटी म्हणतात. गंमत अशी की त्या काळी अमेरिकेत घोडाच नव्हता! नाव आपलं, वस्तू त्यांची. परकी गोष्ट वाचताना असं बरेचदा होतं.

कुंभार म्हटलं की आपल्याला चाक आठवतं. तिथे चाक नव्हतं. दोन भागांच्या साच्यात ओली माती दाबायची, दोन्ही अर्धी अंगं जोडायची, सांधा घासून गुळगुळीत करायचा, तोटी वेगळी करून बसवायची. म्हणजे एका साच्यातून अनेक हरणं निघत.

आता मुख्य मुद्दा. या हरणाच्या गळ्यात दोर आहे.

पाळीव असेल, असं पटकन वाटतं. पण एक मडकं एकट्याने वाचता येत नाही. शेजारची मडकी काढावी लागतात. मोचे पात्रांवर बारीक रेषांची चित्रंही असतात. युद्धाच्या चित्रांत हरलेल्या योद्ध्याचे कपडे उतरवतात, गळ्यात दोर घालतात आणि त्याला ओढत नेतात. शिकारीच्या चित्रांत हरणामागे धावणारे लोक भारी पोशाखात असतात, अगदी लढाईला निघाल्यासारखे. दोन्ही शेजारी ठेवली की आपलं हरीण कळतं : तो युद्धकैदी आहे.

आणि ही नुसती चित्रातली कल्पना नव्हती. उआका दे ला लूना या त्यांच्या मंदिराच्या भिंतीवर दोराने बांधलेल्या नग्न कैद्यांची रांग कोरलेली आहे. तिथल्याच एका चौकात १९९५ साली उत्खनन सुरू झालं, तेव्हा बळी दिलेल्या सत्तराहून जास्त पुरुषांचे अवशेष मिळाले. अनेकांच्या मानेच्या मणक्यांवर कापल्याच्या खुणा होत्या.

अलंकार शिकताना आपण उपमा आणि रूपक यांतला फरक घोकतो. हरीण कैद्यासारखं, ही उपमा. हरीण हाच कैदी, हे रूपक. मोचे कुंभार दुसऱ्या बाजूचा आहे, असं माझं मत. त्याने हरणाला माणसाची बैठक दिली, पण तोंड हरणाचंच ठेवलं. मारायला कोणाला नेतायत, हे पाहणाऱ्याने ठरवावं.

पण अशी पात्रं बहुतेक कबरींतून येतात, आणि कबरी चोरांनी उकरलेल्या. बाजारात मडकं पोचतं तेव्हा ते कोणाच्या उशाशी होतं, सोबत काय होतं, सगळं पुसलेलं असतं. पुस्तकातून एकच पान फाडून विकावं तसं. १९८७ साली सिपान गावी चोरांनी एक कबर फोडली. पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी ती जागा अडवून धरली, म्हणून शेजारची अख्खी राजकबर वस्तू जागच्या जागी असताना वाचता आली.

संदर्भ गेला तरी थोडं हाती लागतं. राफाएल लार्को यांनी नुसत्या तोटीच्या घडणीवरून मोचे पात्रांचे पाच कालखंड पाडले. लिमातल्या लार्को संग्रहालयाचं कोठारही पाहायला खुलं आहे. मांडण्या भरभरून मडकी, जातवार लावलेली.

आता तुमच्यासाठी काम. जवळच्या कुठल्याही संग्रहालयात जा, एक मातीचं भांडं निवडा आणि आधी त्याची चिठ्ठी वाचा. कुठे सापडलं ते लिहिलंय का, आणि बाजूला काय ठेवलंय, एवढं टिपून आणा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.