खरा बलवान कोण?

आखाडा असो वा मैदान, तरुणाला आपल्या ताकदीचा अभिमान असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या अभिमानाला योग्य दिशा दिली. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करणाऱ्यापेक्षा क्रोधाच्या क्षणी स्वतःवर ताबा ठेवणारा बलवान होय, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. वासनेच्या क्षणालाही हीच कसोटी लागू पडते.

१९९४ साली जळगावातील लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा सारा खानदेश हादरला. ओळख वाढवून मुलींना जाळ्यात ओढायचे, छायाचित्रे काढायची आणि त्यांच्या धाकाने पुन्हा पुन्हा अत्याचार करायचा, अशी ती पद्धत होती. बदनामीच्या भीतीने अनेक पीडिता पुढे आल्याच नाहीत. आज त्या छायाचित्राची जागा मोबाईलने घेतली आहे. भीती तीच आहे.

"ती स्वतःहून भेटायला आली होती," असे काही महाविद्यालयीन तरुण म्हणतात. निकाहाबाहेरील एकांत इस्लामला मुळीच मान्य नाही आणि हे बंधन स्त्री-पुरुष दोघांवर आहे. परंतु भेटीला येणे म्हणजे देहावर हक्क देणे नव्हे. २०१३ च्या सुधारणेपासून कायदाही स्पष्ट सांगतो की, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही. अठरा वर्षांखालील मुलीची संमती तर कायदा मानतच नाही.

दिव्य कुरआनने सूरह अन्-नूरमध्ये नजर आवरण्याची आज्ञा प्रथम पुरुषांना दिली (आयत ३०) आणि जबरदस्ती झालेल्या स्त्रियांना क्षमा व दयेची ग्वाही दिली (आयत ३३). नमाजसाठी निघालेल्या एका स्त्रीवर वाटेत बलात्कार झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला निर्दोष ठरवून धीर दिला, असे तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत नमूद आहे.

संघातील सोबत्यांवरही जबाबदारी आहे. जुलूम करणाऱ्या भावाचा हात रोखणे हीच त्याला केलेली मदत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मित्राच्या 'पराक्रमा'वर हसणारा आणि ती चित्रफीत पुढे पाठविणारा त्या जुलमात सहभागी होतो.

आणि पालकहो, जळगाव-धुळ्यातील आपल्या घरी एखादी मुलगी धीर करून बोलू लागली, तर "तू तिथे का गेलीस?" हा प्रश्न आवरा. आधी तिला जवळ घ्या, पुरावे जपा, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर मदत मागा. आणि मुलांना हे आजच, घरातच शिकवा. घराण्याची अब्रू अत्याचार करणाऱ्याच्या कृत्याने जाते, पीडितेच्या बोलण्याने नव्हे.