वळवाचा पाऊस : किती भिजवतो आणि किती फसवतो



चैत्र संपून वैशाख लागला की कृष्णा-भीमेच्या काठची सपाट रानं तव्यासारखी तापतात. पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि एखाद्या दुपारी ढग दाटून वळीव कोसळतो. जिवाला गार वाटतं, ऊस टवटवीत दिसतो. परंतु या पावसाबाबत दोन चुका आपल्याकडून हमखास होतात. त्यांचा विचार या पाठात करू.

प्रथम वळीव येतो कसा ते पाहू. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. समुद्रावरून आलेला दमटपणा तिच्यात असला म्हणजे वर थंडाव्यात त्याचे ढग होतात. जमिनीपासून सुमारे ५ कि.मी. उंचीवर पाणी गोठू लागते, आणि ढगाचा माथा कधी १२ ते १५ कि.मी.पर्यंत जातो. तिथे बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आदळून वीज साठते. मग गार हवा खाली आपटते. पावसाआधी जी धुळीची वावटळ सुटते ती हीच. जमीन दुपारी जास्त तापते, म्हणून वळीव बहुधा तिसऱ्या प्रहरानंतर येतो. ढग थोड्या जागेपुरता असतो, म्हणून बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं!

आता पहिली चूक. पाऊस झाला की आपण उसाची पाळी पुढे ढकलतो. पण हिशेब करा. १० मि.मी. पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४० हजार लिटर पाणी. ऐकायला पुष्कळ वाटतं. मात्र सरीतून दिलेली एक पाळी साधारण ७५ मि.मी.ची असते, आणि वाढलेला ऊस मे महिन्यात दिवसाला ६ ते ८ मि.मी. पाणी खर्च करतो. म्हणजे तो पाऊस दीड दिवसात संपला! तेव्हा उभ्या बाजूचा एखादा डबा रानात उघड्यावर ठेवा, फूटपट्टीने पाणी मोजा, मुळाशी माती उकरून ओल पाहा आणि मगच पाळीचं ठरवा. शेजारच्या शिवारातला पाऊस आपल्या हिशेबात धरू नका. खोडव्यात पाचट न जाळता सरीत आच्छादन केलंत तर हीच ओल जास्त दिवस टिकेल.

विजेमुळे हवेतला नत्र पावसाबरोबर जमिनीत येतो हे खरं, पण तो फार थोडा. त्याच्या भरवशावर खताचा हप्ता कमी करू नये.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. ढग गडगडू लागले की आपण झाडाखाली उभे राहतो, नाहीतर मोटार बंद करायला विहिरीकडे धावतो. तसं मुळीच करू नका. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. दर ३ सेकंदांना १ कि.मी. अंतर धरा. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर धोका आपल्या रानावर आला असे समजा. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. उघडी खोप, ट्रॅक्टर, तारेचं कुंपण यांपासून लांब राहा. जनावरं झाडाला बांधू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास रानात परतू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाईलवर घेतलंत तर जवळपासच्या विजेची सूचना मिळते.

कोणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन लावा.

मोटार जळाली तर पुन्हा भरता येते, पाळी चुकली तर पुढची देता येते. घरचा माणूस मात्र परत येत नाही. हा पाठ घरातल्या पोरांना आणि रानातल्या गड्यांनाही वाचून दाखवावा, ही विनंती.