गिऱ्हाइकाचा मिजाज आणि दुकानदाराचा अंदाज

कापडाच्या धंद्यात माणसांचे प्रकार पाडण्याची जुनी सवय आहे. हा घाईवाला, तो घासाघीसवाला, हा बोलघेवडा, तो तोंडातून शब्द न काढणारा, आणि सगळा माल उलगडायला लावून 'उद्या येतो' म्हणणारा तर प्रत्येक बाजारात ठरलेलाच. गिऱ्हाईक पायरी चढले की गादीवर बसलेला माणूस मनात शिक्का मारतो आणि त्याप्रमाणे ताके उघडतो. हा शिक्का दहांपैकी किती वेळा बरोबर ठरला, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. रोकड, उधारी, वटाव यांचा पै-पैचा हिशेब ठेवणारे आपण या बाबतीत वही कोरी ठेवतो. चुकीच्या शिक्क्याने उधारी भलत्याच्या हाती जाते, चांगला कारागीर दुसऱ्याकडे निघून जातो, घरातला मुलगा धंद्याला विटतो. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करावा असे आम्हांला वाटले.

माणसांचे प्रकार पाडणे ही आजची गोष्ट नाही. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीच्या कानावर 'मिजाज' हा शब्द लहानपणापासून आहे. हा शब्द मूळचा हकिमांचा. ग्रीक वैद्य बुकरात आणि त्यानंतर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील जालीनूस यांच्या परंपरेत शरीरात चार अखलात, म्हणजे चार द्रव, मानले गेले : दम म्हणजे रक्त, बलगम म्हणजे कफ, सफरा म्हणजे पिवळे पित्त आणि सौदा म्हणजे काळे पित्त. इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी 'अल-कानून फित्-तिब्ब' या ग्रंथात हे सारे ज्ञान नीट लावून ठेवले. युरोपातील विद्यापीठांतही हा ग्रंथ सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात होता.

यावरून चार मिजाज रूढ झाले. दमवी माणूस हसतमुख, मिळूनमिसळून राहणारा, बोलका. सफरावी तापट, चपळ, झोप कमी, निर्णय झटपट. बलगमी शांत, सावकाश, झोप भरपूर, सहसा न रागावणारा. सौदावी विचारी, चिंता करणारा, एकट्याने बसणारा. आयुर्वेदातील वात, पित्त, कफ या प्रकृतींची आठवण वाचकांना येथे झाल्यावाचून राहणार नाही.

चार द्रवांची ही उपपत्ती आजच्या शरीरशास्त्राने मान्य केलेली नाही. पण हकिमांच्या पद्धतीतील एक गोष्ट दुकानदाराने घेण्यासारखी आहे. हकीम एका लक्षणावरून मिजाज ठरवत नाही. स्पर्श, अंगातील मांस व चरबी, केस, वर्ण, बांधा, झोप व जागरण, मनाच्या प्रतिक्रिया अशा दहा गोष्टी पाहाव्यात असा त्यांचा नियम आहे. शिवाय मिजाज वयाप्रमाणे बदलतो, ऋतूप्रमाणे बदलतो, मुलखाप्रमाणे बदलतो, असेही ते मानतात. आपण मात्र गिऱ्हाइकाच्या चपला पाहून निकाल देतो आणि तो वीस वर्षे बदलत नाही.

आता अमेरिकेतील एक हकीकत पाहू. ती आपल्या धंद्याच्या जवळची आहे, कारण तिच्यात खुर्चीचे कापड आहे. १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे हृदयरोगाचे दोन डॉक्टर एकत्र दवाखाना चालवीत. बाहेर रोगी बसण्याच्या खुर्च्यांचे कापड बदलायला एक कारागीर आला. त्याने पाहिले की कापड पाठीकडे शाबूत आहे आणि फक्त पुढच्या कडेला झिजले आहे. तुमचे रोगी खुर्चीच्या टोकाला बसतात की काय, असे त्याला वाटले. डॉक्टरांनी त्या वेळी तिकडे लक्ष दिले नाही. आपल्यापैकी कुणी असता तर पहिल्याच दिवशी लक्ष दिले असते. कापड कोठे झिजले यावरून ते कसे वापरले गेले हे सांगणे हे आपले रोजचेच काम आहे.

पुढे या डॉक्टरांनी १९५९ साली आपले म्हणणे प्रसिद्ध केले. त्यांनी माणसांचे 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार पाडले. 'ए' प्रकारचा माणूस सतत घड्याळ पाहतो, दुसऱ्याचे वाक्य आपणच पुरे करतो, जेवताना कागद वाचतो, रांगेत चुळबुळ करतो, भराभर चालतो, आणि प्रत्येक गोष्टीत कुणाशी तरी शर्यत लावतो. 'बी' प्रकारचा माणूस तेच काम न धापा टाकता करतो. १९६० पासून त्यांनी ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ पुरुषांवर साडेआठ वर्षे लक्ष ठेवले. २५७ जणांना हृदयविकार झाला आणि 'ए' प्रकारात त्याचे प्रमाण 'बी'च्या सुमारे दुप्पट निघाले. १९७४ साली त्यांचे पुस्तक आले आणि 'टाईप ए' हा शब्द जगभर झाला.

येथे थांबलो तर गोष्ट छान आहे. पण माल पूर्ण उलगडून पाहिला पाहिजे. १९८८ साली त्याच २५७ रोग्यांची पुढची हकीकत तपासली गेली, तेव्हा पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांमध्ये 'ए' प्रकारचे लोक जास्त मरतात असे दिसले नाही, उलट कमीच मेले होते. इतर पुष्कळ तपासण्यांतही घाई आणि हृदयविकार यांचा संबंध सापडला नाही. थोडाफार धोका दिसला तो मनात धुमसणाऱ्या रागाचा आणि वैरभावाचा, घाईचा नव्हे. आणि २०१२ साली संशोधकांनी सिगारेट कंपन्यांचेच जुने कागद तपासून दाखवून दिले की या संशोधनाला त्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे पैसा पुरवला होता. माणूस स्वभावामुळे आजारी पडतो असे ठरले की सिगारेटवरचा आरोप हलका होतो, हे त्यांना कळत होते. आमचे मत असे की एखादी कल्पना बाजारात जोरात चालते तेव्हा तिच्यात भांडवल कुणाचे आहे हे पाहायला व्यापाऱ्याने तरी विसरू नये.

दुसरी मोठी वाट कार्ल युंग या स्विस मानसतज्ज्ञाच्या १९२१ च्या ग्रंथातून निघाली. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्यानेच रुळवले. त्याचा आधार घेऊन कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्नावली बनवली. तिच्यातून माणसांचे सोळा प्रकार निघतात. आज मोठमोठ्या कंपन्या नोकरवर्गाला ही प्रश्नावली भरायला देतात, आणि आपली कॉलेजात जाणारी मुलेही मोबाईलवर तिच्यासारख्या चाचण्या भरून आपली चार अक्षरे एकमेकांना सांगतात. १९७८ साली डेव्हिड कीर्सी याने आपल्या पुस्तकात या सोळांचे चार गट केले. रखवालदार गट वेळेवर येतो, पावत्या जपून ठेवतो, चालत आलेली रीत मोडत नाही. कारागीर गट हाताने करून पाहतो, प्रसंग पडला की चटकन मार्ग काढतो, जोखीम घ्यायला भीत नाही. आदर्शवादी गट दुसऱ्याचे मन दुखावू नये म्हणून झटतो. तर्कवादी गट प्रत्येक गोष्टीत 'असेच का?' म्हणून विचारतो. (आमच्या कारागीर वाचकांनी 'कारागीर' नावावर खूश होऊ नये. आठ-आठ तास मागावर बसून धाग्याला धागा जुळवणाऱ्या विणकराला कीर्सीने बहुधा रखवालदारात बसवले असते!)

या पद्धतीची अडचण ताक्याच्या हिशेबाने सांगतो. शंभर मीटरवर रेघ मारली आणि ९९ मीटरच्या ताक्याला 'आखूड', १०१ मीटरच्या ताक्याला 'लांब' म्हटले. आता हा १०१ चा ताका १४० मीटरच्या ताक्याचा भाऊ झाला आणि दोनच मीटरने कमी असलेला ९९ चा परका झाला. माणसांचेही तसेच आहे. पुरे बहिर्मुख आणि पुरे अंतर्मुख थोडे, बाकी सारे मधल्या भागात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की पुष्कळांचा प्रकार बदललेला दिसतो.

मग लोकांना ती आपल्यावर बेतल्यासारखी का वाटते? याचे उत्तर बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसतज्ज्ञाने १९४८ सालीच दिले होते. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझे स्वभाववर्णन' म्हणून एक कागद दिला. ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ निघाली. नंतर कळले की सर्वांना एकच कागद मिळाला होता आणि त्यातील बरीचशी वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे असे तुला वाटते, कधी कधी तू स्वतःवरच टीका करतोस, अशा थाटाची ती वाक्ये. ती कुणाला जुळणार नाहीत? सर्वांना बसणारा सदरा शिवला की तो कुणाच्याच मापाचा नसतो. जपानात रक्तगटावरून स्वभाव सांगण्याचे वेड १९७१ च्या एका पुस्तकानंतर असेच पसरले. तपासणीत त्यालाही आधार मिळाला नाही.

म्हणजे स्वभाव नावाची गोष्टच नाही काय? आहे, आणि धंद्याशी तिचा संबंधही आहे. १९९१ साली मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी अनेक जुन्या तपासण्या एकत्र करून पाहिले की कोणत्या गुणाचा कामाशी मेळ बसतो. विक्रेते, व्यवस्थापक, पोलीस, उच्चशिक्षित व्यावसायिक, हातकाम करणारे, या सर्वांत एकच गुण सगळीकडे उपयोगी दिसला : चोखपणा, म्हणजे हाती घेतलेले काम नेटाने व नीट पुरे करणे. हा मेळ फार मोठा नव्हता, पण सगळीकडे होता. आणि बोलका माणूसच चांगला विक्रेता, ही जी आपल्या बाजारातील पक्की समजूत आहे, ती ॲडम ग्रँट याने ३४० टेलिफोन विक्रेत्यांच्या कमाईवरून तपासली. २०१३ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या हिशेबात सर्वांत जास्त विक्री ना बोलघेवड्यांची होती ना मुक्यांची, ती मधल्या लोकांची होती. बोलतोही आणि ऐकतोही, असा माणूस गल्ल्याला जास्त फायद्याचा.

आता आपल्या पेढीवर या. उधारी देताना आपण बहुधा मिजाज पाहतो. मोकळेपणाने हसणारा, चहा घेताना घरच्या गोष्टी विचारणारा माणूस 'आपला' वाटतो आणि त्याला साठ दिवसांची मुदत मिळते. मान खाली घालून माल पाहणारा, एक शब्द न बोलणारा माणूस 'आतल्या गाठीचा' वाटतो आणि त्याच्याकडे रोखीचा आग्रह धरला जातो. आमच्या पेढीची खातेवही याला दुजोरा देत नाही. वहीत जे वेळेवर पैसे देणारे दिसतात त्यांत बोलके आहेत, मुके आहेत, तापटही आहेत. त्यांच्यात सारख्या आहेत त्या काही साध्या सवयी. माल उतरताना ताके मोजून घेतात, मीटर कमी भरले तर त्याच दिवशी कळवतात, चार महिन्यांनी पैसे मागितल्यावर नव्हे. पैसे द्यायला उशीर होणार असेल तर मुदत संपण्याआधी स्वतः फोन करतात. भाव ठरताना फार घासतात, कारण त्यांना खरोखर पैसे द्यायचे असतात! ज्याला द्यायचेच नाहीत तो भावावर कशाला भांडेल?

कारागिराच्या बाबतीत नुकसान दोन्ही बाजूंचे होते. यंत्रमागाच्या एका गावातील कारखानदाराने एका तरुणाला 'सुस्त' ठरवून ताके उचलण्याच्या कामाला लावले होते. कामात तो खरोखरच सावकाश होता. दुसऱ्या कारखान्यात त्याला फोल्डिंग खात्यात कापड तपासायला बसवले. तेथे त्याच सावकाश नजरेला तुटलेली तार आणि तेलाचा डाग दिसू लागला, आणि परत येणारा माल कमी झाला. माणूस तोच होता. पहिल्या कारखान्यात त्याच्या हाताला काय जमत नाही तेवढेच पाहिले गेले. मुलांचेही असेच आहे. गल्ल्यावर बसल्या बसल्या कंटाळणारा मुलगा नालायक आहे असे म्हणण्यापूर्वी त्याला सुताच्या खरेदीला किंवा वसुलीच्या दौऱ्यावर पाठवून पाहावे.

सर्वांत वाईट शिक्का गावावरून, आडनावावरून, बिरादरीवरून मारला जातो. अमुक गावचे लोक बुडवे, तमुक जमातीचे लोक आळशी. नाव ऐकून घर भाड्याने नाकारले जाण्याचा अनुभव आपल्या कित्येक वाचकांना आहे. तोच तराजू आपण आपल्या दुकानात वापरतो तेव्हा तो अचानक खरा कसा होतो?

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी एक साधी शाळेची वही घ्यावी. एका पानावर एक नाव. 'चांगला', 'वाईट', 'तापट' असे शब्द लिहायचे नाहीत, केलेली गोष्ट लिहायची : कोणत्या तारखेचा वायदा, कोणत्या तारखेला पैसे, माल परत केला तर कोणत्या कारणाने, उशीर स्वतः कळवला की आपण विचारल्यावर. कारागिराच्या पानावर कोणते काम दिले, किती वेळात झाले, दोष किती निघाले. तीन महिने वही चालवल्याशिवाय कुणाविषयी मत लिहू नये, आणि मत लिहिले तरी पेन्सिलीने लिहावे. सुरुवात रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मात्र करू नये. त्या गर्दीत प्रत्येक गिऱ्हाईक 'ए' प्रकारचेच दिसते, आणि दुकानदारही.