थंडीत ब्रूडरचा गॅस गोठू न देण्याचे उपाय

कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. थंडीच्या पहाटे गॅस ब्रूडरची ज्योत मंदावली, तर पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. सिलिंडरात गॅस शिल्लक असूनही असे घडते.

कारण : सिलिंडरातील गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. एकाच सिलिंडरवर अनेक ब्रूडर चालविल्यास द्रव फार थंड होतो, दाब घटतो व व्हॉल्व्हवर हिम जमते. गॅसमधील प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, तर ब्युटेन सुमारे शून्य अंशावर. प्रोपेन अधिक वेगाने निघून जात असल्यामुळे सिलिंडर रिकामा होत जातो तसतसा हा दोष वाढतो.

उपाय :
(१) दोन किंवा अधिक सिलिंडर वितरकाच्या कारागिराकडून एकत्र जोडून घ्यावेत. त्यामुळे भार विभागला जातो.
(२) सिलिंडर शेडबाहेर, हवेशीर जागी उभेच ठेवावेत. आडवे केल्यास द्रव नळीत शिरतो.
(३) हिम जमल्यास व्हॉल्व्ह बंद करून दुसरा सिलिंडर चालू करावा व हिम आपोआप वितळू द्यावे. जाळ, उकळते पाणी किंवा हातोडा कदापि वापरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही व्यवस्था थंडीपूर्वीच करवून घ्यावी.