अळीच्या डब्याला खिडकी हवी

पावसाळ्यात कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखे तपकिरी-पांढरे ठिपके दिसले, तर लगेच पुसायला जाऊ नका. ठिपका पान कुरतडत असेल, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे, किंवा त्याच्या एखाद्या भाऊबंदाची. कढीपत्ता, लिंबू, संत्रं, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं आणि तिला ती आवडतात. मुलांना अळी घरात वाढवायची असते. मग बरणीच्या झाकणाला खिळ्याने चार भोकं पाडली जातात आणि सगळे निश्चिंत होतात.

अळीला श्वासापुरती हवा त्या चार भोकांतूनही मिळते. तिला मारते ती ओल. पानांतून आणि विष्ठेतून निघणारी वाफ आत कोंडते, बरणीच्या भिंतीवर थेंब जमतात, विष्ठेला बुरशी धरते, रोगजंतू वाढतात आणि एके सकाळी अळी मऊ, काळी होऊन लोंबताना दिसते. म्हणून भोकं मोजत बसू नका. हवा एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर पडते का, ते बघा.

वाण्याकडे गोळ्या-बिस्किटांच्या मोठ्या, पारदर्शक, रुंद तोंडाच्या बरण्या रिकाम्या झालेल्या असतात, त्यातली एक मागून आणा. उंची निदान २० ते २५ सेंटिमीटर हवी. या फुलपाखराचे पंख पसरले की ८ ते १० सेंटिमीटर भरतात आणि कोशातून बाहेर आल्यावर ते खाली लोंबवून वाळवायला मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते फुलपाखरू कधीच उडत नाही. श्रीखंडाचा डबा गोंडस दिसतो, पण या कामाचा नाही.

बरणी साबणाने धुऊन वाळवा. झाकणाच्या कडेची आट्यांची पट्टी ठेवून मधला गोल कापून काढा. बरणीच्या तोंडावर कापड ताणून वरून ती कडी फिरवली की वरची खिडकी झाली. दुसरी खिडकी बरणीच्या अंगाला, तळापासून चार बोटं वर, तळहाताएवढी. पेनाने चौकोन आखा, कोपऱ्यांत तापवलेल्या दाभणाने भोक पाडा आणि तिथून कटर चालवा. हे काम मोठ्यांनी करायचं आणि गॅलरीत करायचं, कारण प्लास्टिकचा धूर वाईट. कापलेली कड काचपेपरने घासा. बोट फिरवून बघा. बोटाला टोचलं तर अळीचं अंग नक्की फाटेल.

खिडकीला बाहेरून कापड लावा, भोकापेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठं. फेविकॉल प्लास्टिकवर टिकत नाही, ग्लू गन बरी. झटपट चिकटवणारा डिंक वापरलात तर वास पूर्ण जाईपर्यंत, दोनेक दिवस, बरणी उघडी ठेवा. कापड कोणतं? अंड्यातून नुकतीच निघालेली अळी जेमतेम ३ मिलिमीटरची, मच्छरदाणीच्या जाळीतून सटकू शकते. तिला मलमल किंवा जुन्या धोतराचा तुकडा. अळी बोटभर हिरवी झाली की मच्छरदाणीची जाळी उत्तम. नाकतोडे किंवा रातकिडे पाळायचे असतील तर मात्र कापड नकोच, ते कुरतडून पळतात. त्यांना बारीक स्टीलची जाळी लावावी.

आत तळाला वर्तमानपत्र, ते रोज बदलायचं. पानांची फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवली की ताजी राहते, पण बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळ्या त्यात उतरून बुडतात. बाजारातला कढीपत्ता घालू नका. त्यावर फवारणी असते आणि धुतल्याने ती सगळी जातेच असं नाही. शेवटी एक खरबरीत काडी तिरपी टेकवून ठेवा. कोश करताना अळी रेशमाच्या दोऱ्याने स्वतःला त्या काडीला बांधून घेते. त्याआधी ती पातळ शी करते आणि सैरभैर फिरते. तेव्हा ती आजारी नसते. तिला हात लावू नका.

बरणी उन्हात ठेवायची नाही, प्लास्टिक भट्टीसारखं तापतं. मुंग्यांसाठी दुधाच्या पातेल्याचाच उपाय: पाण्याच्या परातीत वाटी पालथी घालून त्यावर बरणी.

पावसाळ्यात अंगणात फिरणारे वाणी किडे ठेवायचे असतील तर हिशेब उलटा. त्यांना ओल हवी. तेव्हा वरची खिडकी नको, अंगाला दोन्हीकडे बारीक भोकांची एकेक ओळ पुरे, आणि तळाला चार बोटं ओलसर माती व कुजकी पानं. डब्याला भोकं आतून बाहेर पाडा, म्हणजे प्लास्टिकचे काटे बाहेरच्या बाजूला येतात.

कोणतीही बरणी असो, सकाळी भिंत बघा. अळीच्या बरणीत थेंब दिसले तर खिडकी वाढवा किंवा पानं कमी करा. वाण्यांच्या डब्यात माती भुरभुरीत झाली तर पाणी शिंपडा.

उन्हाळी-पावसाळी हवेत कोश आठवडा-दीड आठवड्यात उकलतो. फुलपाखराच्या खाली लालसर डाग दिसला तर घाबरू नका, ते रक्त नव्हे. कोशात साठलेला मळ ते बाहेर टाकतं. काही तास पंख वाळू द्या आणि ऊन असताना कढीपत्त्याजवळच सोडा. पुढच्या अळीआधी बरणी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. फिनेल वापरू नका.