ग्लो प्लगवर पेट्रोल : पेटवणं सोपं, इंजिन टिकवणं अवघड

मॉडेल विमानाचं छोटं इंजिन आपल्यापैकी बऱ्याच जणांनी टेक्निकल फेस्टमध्ये पाहिलेलं असतं. मुठीएवढा जीव, पण आवाज असा की अख्खं ग्राउंड वळून बघतं. हे इंजिन चालतं मिथेनॉलवर. आणि नातेपुत्यासारख्या गावात राहणाऱ्या मुलाची पंचाईत नेमकी इथेच होते. पुणे-पंढरपूर रस्त्यावर पेट्रोल पाहिजे तेवढं मिळतं, मिथेनॉल मात्र शोधूनही मिळत नाही. मग सरळ प्रश्न पडतो, तेच इंजिन, तोच ग्लो प्लग, फक्त टाकीत पेट्रोल घातलं तर? उत्तर "चालतं" असंच आहे. पण ते कशाच्या बदल्यात चालतं, हे आधी समजून घेतलं पाहिजे.

मिथेनॉल का मिळत नाही?

आपला माळशिरस तालुका साखर कारखान्यांचा. सदाशिवनगर, शंकरनगर, माळीनगर ही नावं उसाच्या ट्रॅक्टरबरोबरच तोंडात येतात. मळीपासून अल्कोहोल बनतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे "कारखान्यातून आणू की!" असं कोणीतरी म्हणतंच. पण मळीपासून बनतं ते इथेनॉल. मिथेनॉल मुख्यतः नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून तयार होतं आणि भारत त्यातलं बरंचसं आयात करतो. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण तो जिवाचा फरक आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारू पिऊन शंभरहून जास्त माणसं गेली. म्हणूनच महाराष्ट्रात मिथेनॉलची विक्री विष म्हणून परवान्याखाली होते, आणि ते योग्यच आहे. मोठ्या शहरातल्या हॉबी शॉपमध्ये तयार इंधनाची बाटली मिळते, पण ज्वलनशील द्रव कुरिअरवाले घेत नाहीत. म्हणजे दर बाटलीमागे एक एसटी प्रवास आला!

ग्लो प्लग म्हणजे स्पार्क प्लग नव्हे

सुरुवातीची मॉडेल इंजिनं स्पार्कवर चालायची. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट्स, बॅटरी हे सगळं ओझं विमानात घेऊन उडावं लागे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे ओझं एका फटक्यात उतरलं.

ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तारेची कॉइल असते. सुरू करताना तिला साधारण दीड व्होल्ट देऊन लाल करायचं. इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून टाकायची, तरी तार लालच राहते. कशामुळे? तीन गोष्टींमुळे. पहिली, कॉम्प्रेशनची उष्णता. दुसरी, आधीच्या ज्वलनातली उरलेली उष्णता. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे कॅटॅलिसिस. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथल्या तिथे तिचं ऑक्सिडेशन होतं आणि त्या उष्णतेवर तार तापलेली राहते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. या इंजिनाला टायमिंगची वेगळी यंत्रणाच नाही. ज्वलन कधी सुरू होणार हे इंधन, कॉम्प्रेशन रेशो आणि प्लग किती गरम प्रकारचा आहे, हे तिघं मिळून ठरवतात. इंधन बदललं की टायमिंगही बदललं. व्हायव्हात हा प्रश्न आला तर एवढं वाक्य पुरे.

कागदावरचं गणित

आता कॅल्क्युलेटर काढा. समजा इंजिनाने १०० मिली नेहमीचं इंधन प्यायलं. त्यात ८० मिली मिथेनॉल आणि २० मिली एरंडेल तेल आहे, नायट्रोमिथेन नाही असं धरू.

मिथेनॉल : ८० मिली म्हणजे सुमारे ६३ ग्रॅम. हवा-इंधन प्रमाण ६.४५, म्हणून हवा लागली सुमारे ४०८ ग्रॅम. किलोला २० मेगाज्यूल धरले तर ऊर्जा सुमारे १.२६ मेगाज्यूल.

पेट्रोल : तेवढ्याच हवेला, प्रमाण १४.७ असल्यामुळे, फक्त २८ ग्रॅम पेट्रोल पुरतं. म्हणजे सुमारे ३७ मिली. किलोला ४४ मेगाज्यूल धरले तर ऊर्जा सुमारे १.२२ मेगाज्यूल.

ऊर्जा जवळजवळ सारखी आणि इंधन निम्म्याहून कमी! इथपर्यंत वाचून कोणीही खूश होईल. पण आता दुसरी बाजू बघा.

थंडावा : मिथेनॉलची वाफ होताना ते किलोला सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता शोषतं, पेट्रोल सुमारे ३५०. आपल्या उदाहरणात मिथेनॉलने सुमारे ७० किलोज्यूल उष्णता ओढली, पेट्रोलने जेमतेम १०. आतून मिळणारा थंडावा सातपट घटला.

तेल : मिथेनॉलबरोबर इंजिनात २० मिली तेल गेलं होतं. पेट्रोलमध्ये २०:१ प्रमाणात टू-स्ट्रोक ऑइल घातलं तर ३७ मिलीमागे तेल जातं २ मिलीपेक्षाही कमी. म्हणजे दहावा हिस्सा! आणि हे तेल नुसतं वंगणाचं काम करत नाही, उष्णता बाहेर वाहून नेण्याचंही करतं.

पेट्रोलवर इंजिन पेटतं की नाही याचीच सगळ्यांना काळजी असते. पण इंजिन मरतं ते न पेटल्यामुळे नाही, तर कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक कोरडं पडल्यामुळे आणि हेड तापल्यामुळे. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणजे बाहेरच्या हवेचीही फारशी मदत नाही.

काय काय बदलावं लागतं?

१) प्लगची उष्णता. पेट्रोलची वाफ प्लॅटिनमवर मिथेनॉलसारखी सहज ऑक्सिडाइझ होत नाही. फुल थ्रॉटलला इंजिन चालेल, पण आयडलला आणलं की तार थंड पडते आणि इंजिन बंद. उपाय म्हणजे विमानातच १.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड सेल ठेवून प्लगला करंट देत राहणं. प्लग सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणजे ३००० मिलिअँपिअर-अवरचा सेल तासभर पुरावा.

२) नीडल. कार्ब्युरेटरची भोकं मिथेनॉलच्या हिशोबाने मोठी असतात. पेट्रोलला प्रवाह निम्म्याहून कमी लागतो, त्यामुळे नीडलचा एक क्लिकसुद्धा जास्त वाटतो. टाकीची उंची थोडी बदलली तरी सेटिंग हलतं. लाइनमध्ये वेगळा बारीक नीडल व्हॉल्व्ह बसवला तर काम सोपं होतं.

३) तेल. एरंडेल मिथेनॉलमध्ये छान विरघळतं, पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही. म्हणून सिंथेटिक टू-स्ट्रोक ऑइलच घ्यायचं. २०:१ हे प्रमाण पेट्रोलसाठी बनवलेल्या, चांगल्या बेअरिंगच्या इंजिनांचं आहे. साध्या बुशवर चालणाऱ्या जुन्या इंजिनावर हा प्रयोग करूच नये. बॉल बेअरिंगच्या इंजिनावरही सुरुवात १०:१ ने करावी. धूर जास्त होईल, होऊ द्या.

४) नळी. सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि निसटते. निओप्रीन किंवा व्हायटनची वापरायची. कार्ब्युरेटरच्या ओ-रिंग्जही तपासायच्या.

५) कॉम्प्रेशन. मिथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर, पेट्रोलचा त्यापेक्षा कमी. ज्वलन वेळेआधी होऊ लागलं तर कडकड आवाज येतो, प्रोपेलर झटका मारतो. हेडखाली जादा शिम घालून कॉम्प्रेशन थोडं कमी करायचं आणि थंड प्रकारचा प्लग लावायचा.

हे सगळं निव्वळ जुगाड आहे असं समजू नका. जपानच्या ओ. एस. कंपनीने ग्लो प्लगवर पेट्रोल पिणारी जीजीटी मालिकेची १० आणि १५ सीसीची इंजिनं खास डिझाइन करून बाजारात आणली होती. म्हणजे कल्पना पक्की आहे. आपण करतो ते रूपांतर आहे आणि त्याला मर्यादा आहेत, एवढंच. इंजिन १० सीसीच्या आसपासचं असेल तर जमतं. अगदी छोट्या इंजिनाला इतका कमी प्रवाह नीडलवर सांभाळणं कठीण.

पंपावरचं पेट्रोल आता नुसतं पेट्रोल नाही

२०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणं सुरू झालं. म्हणजे आपल्या तालुक्यातला ऊस शेवटी या छोट्या इंजिनात पोचलाच! ई-२० साठी हवा-इंधन प्रमाण सुमारे १३.५ येतं, म्हणून नीडल शुद्ध पेट्रोलपेक्षा किंचित उघडी लागते. इथेनॉल थंडावा थोडा वाढवतं, पण ओलावाही शोषतं. उघड्या कॅनमध्ये महिनाभर पडलेलं पेट्रोल वापरू नये.

किती इथेनॉल आहे ते लॅबमध्ये पाच मिनिटांत कळतं. मेजरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात जातं आणि खालचा थर वाढतो. तो २८ मिलीच्या आसपास आला तर मिश्रण २० टक्के.

बेंचवर आधी, आकाशात नंतर

इंजिन जड लाकडी स्टँडवर बोल्टने पक्कं करा. एकाच प्रोपेलरवर दोन रन घ्या. एक बाटलीतल्या तयार मिथेनॉल इंधनावर, दुसरा पेट्रोलवर. टॅकोमीटरने आरपीएम, ब्युरेटने मिनिटाला किती मिली इंधन आणि थर्मोकपलने हेडचं तापमान, हे तिन्ही लिहून काढा. नीडल उघडी ठेवून सुरू करा, हळूहळू बंद करत आरपीएमच्या शिखरापर्यंत जा आणि तिथून ३०० ते ५०० आरपीएम मागे या. शिखरावर रेंगाळायचं नाही. पेट्रोलवर हेड मिथेनॉलपेक्षा खूप तापत असेल तर रन तिथेच थांबवा आणि तेल वाढवा.

सुरक्षेबद्दल दोन शब्द. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि इथे शेजारीच लाल तार आहे. इंधन भरताना प्लगचा करंट बंदच हवा. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, पेट्रोलची आग पाण्याने विझत नाही. कोरड्या पावडरचा एक्स्टिंग्विशर आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. प्रोपेलर बोटाने नाही, काठीने फिरवा आणि उभं राहा ते मागच्या बाजूला.

थर्ड इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत फिरणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. शुद्ध पेट्रोल, ई-२० आणि मिथेनॉल या तिघांवर आयडलला प्लगची बॅटरी काढायची आणि तार किती सेकंद लाल राहते ते मोजायचं. स्टँड वर्कशॉपमध्ये बनेल, बाकीची उपकरणं लॅबमध्ये आहेतच. थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातली लेटेंट हीट, हवा-इंधन प्रमाण आणि प्री-इग्निशन ही तीन प्रकरणं एका मुठीएवढ्या इंजिनात एकत्र भेटतात. सबमिशनसाठी दुसऱ्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेण्यापेक्षा ही रीडिंग्ज घेणं नक्कीच जास्त मजेचं आहे.